कुपाटीच्या दोन्ही बाजूंनी

मिलिंदा, भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. शाळेत घंटा झाली की उठायचास, नोकरीत गाडीची वेळ झाली की उठायचास. या खेपेला तर न सांगताच उठलास. आदल्या दिवशी अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी तुझ्या खाटेजवळ बसलो होतो. नाकात नळी होती, तरी तोंड चालूच. म्हणालास, "मास्तर, तुजं गणित चुकलंय बे. आता दम लागतोय, घरी गेल्यावर सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तुला घरी आणलं ते आडवं घालून. मी गाडीत पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मांजरसुंबा आलं तरी मला रडू आलं नाही, नुसता राग येत राहिला. कुठं चुकलं तेवढं तरी सांगून जायचंस.

दोन म्हातारे, एक निवृत्त कंडक्टर आणि एक निवृत्त मुख्याध्यापक, रोज संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात भांडतात म्हटल्यावर कुणालाही वाटेल, बांधाचं असेल नाहीतर ग्रामपंचायतीचं. आपलं भांडण कशाचं, हे हॉटेलवाल्याला मात्र पाठ होतं. देशावर मोठं संकट आलं की पिढीचा फेरा बदलतो का? तू म्हणायचास, बदलतो. मी म्हणायचो, संकट येतं, माणसं चार दिवस शहाणी होतात, मग आपापल्या जुन्या खुंट्याला येऊन स्वतःला बांधून घेतात. तू दिवसभर माणसं चढता-उतरताना पाहिलेला माणूस, मी आयुष्यभर पाढे घोकून घेतलेला. जमायचं कसं?

माझा पहिला मुद्दा असा होता की पिढी नावाची वस्तूच नाही. पोरं रोज जन्मतात. आज एक, उद्या एक. मग पिढी सुरू कधी झाली आणि संपली कधी, ते कुठल्या तारखेला धरायचं? हा मुद्दा मी मांडला त्या दिवशी तू इतका हसलास की चहा सांडलास. "तारीख? तारीख तर सरकारनंच दिलीय. एक जून!" आणि खरंच, आपल्या वर्गातल्या यच्चयावत पोरांची जन्मतारीख एक जून. दाखला करताना कुणाच्याच आईबापाला तारीख सांगता आली नाही, मग गुरुजींनी सगळ्यांना एकच लावून दिली. "आपली अख्खी पिढी एका दिवशी जन्मली, एका दिवशी रिटायर होणार. कागद बघ की, मास्तर!" गणिताच्या माणसाला असल्या पुराव्यानं हरवणं हे अन्यायाचं होतं, असं मला अजूनही वाटतं.

नंतर तू गंभीरपणे सांगितलंस ते मात्र माझ्या डोक्यात राहिलं. म्हणालास, बीडहून अंबाजोगाईला गाडी नेताना प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी चढतं-उतरतं, गाडी पूर्ण रिकामी कुठंच होत नाही. पण मांजरसुंब्याला अर्धी गाडी उतरते, अर्धी नवी चढते. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पण त्यानंतर गाडीतली बोलणीच बदलतात. "तसे काही थांबे देशाला बी असत्यात." मी म्हटलं, मग असल्या थांब्याची खूण काय? तू म्हणालास, "ज्यांला एकच भीती एकाच वयात शिवली, ती एक पिढी. म्होरं जल्मभर ती पोरं त्याच भीतीनं वागत्यात, न्हाईतर त्याच भीतीशी भांडत्यात."

आपल्याला शिवला तो बहात्तरचा दुष्काळ. तू दहा वर्षांचा, मी दहा वर्षांचा, कागदावर तर एकाच दिवसाचे. आपले आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि आपण टोपल्या भरायचो. दुपारी सरकारी सुकडीचं गोड पीठ मिळायचं. घरी अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, ती गिळताना घशात अडकायची. पाण्याचा टँकर यायचा तेव्हा रांग एकच असायची. तुमच्या बौद्ध वस्तीतली माणसं आणि आमच्या गल्लीतली माणसं एकाच नळीखाली ओंजळ धरायची. गावात असं त्याआधी कधी झालं नव्हतं. तुझ्या मते फेरा बदलल्याची ती पहिली खूण. आणि मी लगेच म्हणायचो, पुढच्या साली पाऊस झाला तेव्हा काय झालं? आमच्या ओसरीवरच्या कोनाड्यात तुमच्यासाठीचा वेगळा पेला परत आला की नाही? कसला नालायक पुरावा होता तो! माझ्याच घरची लाज मी तुझ्यापुढं मुद्दा म्हणून मांडत होतो, आणि तू ती ऐकून घेत होतास. एकदा फक्त म्हणालास, "पेला परत आला, खरं हाय. पर त्याच पेल्यानं तू बी पाणी पिलास, आईचा मार खाऊन. इसरलास का बे?"

विसरलो नव्हतो. त्या माराचे वळ दोन दिवस होते आणि त्या दोन दिवसांत तू मला रोज बोरं आणून दिलीस. आपली मैत्री तिथली. मुद्द्यात मात्र मी ती कधी धरली नाही.

आता जे टाळत आलोय त्याच्याकडं येतो.

टाळेबंदी लागली तो मार्च-एप्रिल आठव. तुझी एसटी बंद, माझी शाळा बंद, दोघांच्याही निवृत्तीला दोन महिने उरलेले. टीव्हीवर दिवसभर आकडे. गावोगाव रस्ते अडवायला सुरुवात झाली होती. आपल्या गावात बैठक झाली, हातभर अंतर ठेवून, शाळेच्या मैदानात. कारखान्यांवरची ऊसतोड आटोपत आली होती आणि आपली माणसं परत यायला निघाली होती. कुणी म्हणालं, ते आजार घेऊन येतील. मग फाट्यावरून गावात येणाऱ्या रस्त्यावर बाभळीच्या काट्यांची कुपाटी घातली गेली, शेताला ढोरं येऊ नयेत म्हणून घालतो तशीच, पण पुरुषभर उंच. बाजूला शाळेतला फळा उभा केला. त्यावर मी लिहिलं: "बाहेरच्यांना गावात प्रवेश बंद." माझं अक्षर तुला माहीत आहे. तालुक्यात बक्षीस मिळवलेलं अक्षर. मी ते मन लावून लिहिलं, 'प्र'चा पाय नीट काढला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी भर दुपारी तुमच्या वस्तीतला बाळू ऊसतोडीहून आला. बरोबर त्याची बायको सविता, मुलगी आरती आणि आणखी चार जोडपी. टेम्पोवाल्यानं त्यांना फाट्यावर सोडलं होतं. डोक्यावर भांडी, अंथरुणं, कोयते फडक्यात बांधलेले. कारखान्यावर तपासणी झाल्याचा शिक्क्याचा कागद बाळूनं दुरूनच वर धरला. बाळू माझा विद्यार्थी, आरतीही माझीच विद्यार्थिनी, पाचवीतली. सविताला वाचता येत नाही, म्हणून आरतीनं आईला फळा मोठ्यानं वाचून दाखवला. मी शिकवला होता तसा, एकेका शब्दावर बोट ठेवल्यासारखा, ठणठणीत. बाळू फळ्याकडं बघतच राहिला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सर, हे तुमचं अक्षर हाय. आमी कवापासून बाहेरचे?"

मी सरकारी नियम सांगितला. घरात माझी ऐंशी वर्षांची दमेकरी आई आहे, हेही सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण बाळूनं विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

तू तिथंच उभा होतास. मला वाटलं, आता शिव्या देशील, काटे उपटशील. तू बांधावरून वळसा घालून पलीकडं गेलास, आरतीच्या डोक्यावरचं गाठोडं घेतलंस आणि वळून मला म्हणालास, "मास्तर, आता मी बी बाहेरचा. चवदा दिसांनी भेटू." कुपाटीपलीकडं फाट्याच्या अंगाला तुझं दोन एकर रान, चिंचेचं झाड आणि बोअर. तिथं त्या सगळ्यांना घेऊन तू बसलास. शांतावहिनी रोज भाकरीचं गाठोडं अलीकडच्या दगडावर ठेवायच्या, त्या लांब गेल्या की तू येऊन न्यायचास. स्वतःच्या बायकोला दहा हातांवरून "कालवणात मीठ कमी पडलं" असं ओरडून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि मी रोज चार वाजता, उपरण्यानं तोंड बांधून, कुपाटीपाशी यायचो. तू पलीकडं येऊन उभा राहायचास आणि आपलं भांडण सुरू व्हायचं. ओरडून बोलावं लागे, त्यामुळं पलीकडची दहा-बारा माणसं आणि अलीकडचं अर्धं गाव ऐकत असे. पिढ्यांचा तुझा सगळा हिशोब तू तिथंच पहिल्यांदा नीट मांडलास. आपल्या आज्यांना दहाव्या वर्षी शिवली ती अठरा सालची मानमोडीच्या तापाची साथ. आपल्या बापांना अठ्ठेचाळीसचे रझाकार. आपल्याला दुष्काळ. आपल्या पोरांना त्र्याण्णवचा किल्लारीचा भूकंप, आपल्याकडच्या भिंती हलल्या आणि महिनाभर सगळी अंगणात निजली तो. "आन आता ही साथ. माज्या आरतीला आन तुज्या ऋतुजाला." माझी नात ऋतुजा तेव्हा दहाच वर्षांची, आरतीच्या वर्गातली, तिच्याच बाकावर बसणारी. एक पलीकडं, एक अलीकडं.

मी तिथल्या तिथं वजाबाक्या केल्या. "तीस, चोवीस, एकवीस, सत्तावीस! याला फेरा म्हणतात का मिलिंदा? फेऱ्याला नियम लागतो." तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "यष्टी तरी कदी टायमावर येती का? म्हनून येत न्हाई का?" पलीकडची सगळी हसली. सविताही तोंडाला पदर लावून हसली. अलीकडं सरपंचसुद्धा हसले. मी एकटा हसलो नाही, कारण मला दुसरंच आठवत होतं.

ते तुला मी कधी सांगितलं नाही. आज सांगतो. तुझ्या यादीत पहिली मानमोडी होती ना? माझा आजा तेव्हा दहा वर्षांचा. त्याच्या बापानं, म्हणजे माझ्या पणजोबानं, साथीच्या दिवसांत गावच्या रस्त्यावर बाभळीचे काटे टाकले होते. आज्याची आत्या सासरी सगळी आजारी पडली म्हणून लेकरू घेऊन माहेरी आली, तिला काट्यांपलीकडूनच परत लावलं. ती पुन्हा दिसली नाही. आजा ही गोष्ट आम्हाला सांगायचा ती दुःखानं नाही, अभिमानानं. "म्हनून आपलं घर वाचलं," असं म्हणायचा. माझ्या बापानंही ती तशीच सांगितली. मी लहानपणी शंभरदा ऐकली. गावाला आजही वाटतं की बैठकीत कुपाटीचा विषय सरपंचांनी काढला आणि मास्तरांनी फक्त फळा लिहिला. विषय मी काढला होता. बैठकीच्या आधी, सरपंचांच्या ओट्यावर. जीव घाबरला आणि आज्याची गोष्ट आपोआप तोंडात आली.

आणि हे मी तुला पाच वर्षं सांगितलं नाही, ते निव्वळ लाजेनं असतं तर एक वेळ माफ होतं. दहाव्या वर्षी शिवलेली भीती जन्मभर सुटत नाही, या तुझ्या म्हणण्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा माझ्या घरात होता, म्हणून मी दाबून ठेवला. सांगितलं असतं तर तू जिंकला असतास. घे, आहे की नाही तुझा मित्र लबाड?

चौदा दिवस झाले. कुणाला काही झालं नाही. ग्रामपंचायतीनं काटे उचलले, मी फळा पुसला आणि शाळेत नेऊन ठेवला. एकतीस मेला आपण दोघं एकाच दिवशी निवृत्त झालो. हार नाही, नारळ नाही, भाषण नाही. संध्याकाळी तुझ्या चिंचेखाली शांतावहिनींनी चहा दिला. तू म्हणालास, "चल, सरकारी कागदाप्रमाणं आपली पिढी आज संपली." मी हसलो. बोलायची वेळ तीच होती. कपातला चहा संपेपर्यंत ते वाक्य जिभेवर होतं. मग मी विचारलं, तुझ्या पेन्शनचे कागद झाले का.

आणि तू, ज्यानं माझ्या धोतराच्या काष्ट्यापासून मोटारसायकलच्या हॉर्नपर्यंत कशाचीही चेष्टा सोडली नाही, त्या फळ्याबद्दल पाच वर्षांत एक शब्द काढला नाहीस. त्यानंच मला जास्त छळलं. एखादी शिवी घातली असतीस तर मी सुटलो असतो.

तू तेव्हा कुपाटीपलीकडून ठासून म्हणाला होतास, "बघ मास्तर, हितून म्होरं हातात कोयता न्हाई." मी म्हणालो होतो, दसरा होऊ दे, मग बघू. दसरा झाला. ऊसतोडीचे ट्रक आले. बाळू-सविता चढले, बाकीची चारही जोडपी चढली. मी तुझ्या ओट्यावर येऊन विजयी मुद्रेनं उभा राहिलो. काय ते माझं उभं राहणं! जणू ट्रक भरले म्हणजे माझं काही भलं झालं. तू म्हणालास, "मोट्यांचं न्हाई बे म्हनलो मी. पोरांचं म्हनलो." आणि मागं पाहिलं तर तुझ्या ओसरीवर आरती वही उघडून बसली होती. तू आणि वहिनींनी तिला ठेवून घेतलं होतं.

तिला गणित शिकवायला मी दुसऱ्या दिवसापासून येऊ लागलो. तू कारण विचारलं नाहीस. ती आता अकरावीला आहे, अजूनही त्रिकोणमितीत कच्ची आहे, आणि मी तिला ते तोंडावर सांगतो. बाकीच्या जोडप्यांपैकी दोघांची पोरं अजून हंगामाला आईबापांबरोबर जातात, हेही मी इथं लिहून ठेवतो, कारण तू असतास तर ते गाळून पुढं गेला असतास. गाडी मांजरसुंब्याला पूर्ण बदलली असं मला म्हणता येणार नाही.

पण मिलिंदा, माझं मत आता पक्कं झालं आहे, आणि तू समोर नाहीस म्हणून मी ते गुळमुळीत बोलणार नाही. संकटानं फेरा आपोआप बदलतो, हे तुझं म्हणणं चूक. बहात्तरनं बदलला नाही, साथीनंही बदलला नाही. आपोआप काहीही होत नाही. मात्र संकटानं काहीच बदलत नाही, हे माझं म्हणणं त्याहून चूक. संकट आलं की घराघरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेलं सगळं एकदम वर येतं. माझ्या घरातून आज्याचे काटे वर आले. आणि तुझ्या घरातून? तुझा आजा छप्पन साली नागपूरला गेला होता. परत आला तो नवा माणूस होऊन आला, आणि जुने देव त्यानं स्वतःच्या हातानं पाण्यात सोडले. आपल्या पायानं पलीकडं जाता येतं, हे तुझ्या घरात एकदा कुणीतरी करून दाखवलं होतं. म्हणून त्या दुपारी बांधावरून वळसा घालायला तुला विचार करावा लागला नाही. मी पाहत होतो, तू खरंच क्षणभरही थांबला नव्हतास.

माझं गणित कुठं चुकलं ते मला त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसल्या बसल्या कळलं. तीस, चोवीस, एकवीस, सत्तावीस, मी दोन संकटांमधली वर्षं मोजत बसलो. त्या वर्षांत म्हाताऱ्यांनी पोरांना काय सांगितलं, ते मोजलंच नाही. फेरा बदलायचा असेल तर तिथं बदलतो. माझ्या आज्यानं ती आत्याची गोष्ट एकदा तरी रडत सांगितली असती, तर माझ्या तोंडून बैठकीआधी वेगळं काही निघालं असतं. एवढं तुला पटेल. पटलं नाही तरी आता उलट बोलायची सोय तू ठेवलेली नाहीस.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारापुढं मांडव घातला होता. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, तुझ्या डेपोतली माणसं बोलली. तू सुट्ट्या पैशांवरून कधी कुणाला खाली उतरवलं नाहीस असं एकानं सांगितलं, तेव्हा शांतावहिनी पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, म्हणून बाळू आणि सविताही होते. ऋतुजा माझ्याबरोबर आली होती. ती जाऊन आरतीशेजारी सतरंजीवर बसली. मग माझं नाव पुकारलं.

मी तुझे तीन किस्से कागदावर लिहून नेले होते, एक जूनचा, यष्टीचा, मिठाचा. लोक हसले असते, तुलाही आवडलं असतं. उभा राहिलो आणि कागद खिशातून काढलाच नाही. म्हणालो, "टाळेबंदीत रस्त्यावर कुपाटी घालायचं सरपंचांना मी सुचवलं होतं. फळाही मीच लिहिला. बाळू, सविता, आरती आणि तुम्ही सगळे या गावचे, आणि मी तुम्हाला बाहेरचे लिहिलं. माझ्या पणजोबानं स्वतःच्या बहिणीला असंच परत लावलं होतं आणि आमच्या घरात ते शहाणपण म्हणून सांगत आले. ते शहाणपण नव्हतं. माझी चूक झाली."

भंतेजींनी मान खाली घातली. मुख्याध्यापक म्हणून हजार भाषणं केलेला माणूस मी, पण हात कुठं ठेवावेत ते मला कळेना. बाळू जमिनीकडं बघत होता. सविता उठली. मी तिला चारचौघांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुमच्या मनातलं आमाला म्हाईत हाय, सर," ती म्हणाली. "तुमी रोज येऊन वरडून गेलाव की आमी लई चिडायचो. हे म्हनायचे, कावून येतोय ह्यो मास्तर रोज, जखमंवर मीठ चोळाया? तवा मिलिंददादा म्हनले, त्याला माफी मागता येत न्हाई. त्याच्या घरात कुनी शिकिवलंच न्हाई. म्हनून बिचारा रोज उनात येऊन भांडतोय. भांडू द्या त्याला."

इतकं सगळं तुला त्या चौदा दिवसांतच कळलं होतं, आणि पाच वर्षं तू माझ्याशी भांडत राहिलास. चार वाजता रोज पलीकडं येऊन उभा राहायचास ते मला वाटायचं जिंकायला.

मी सवितापुढं हात जोडले आणि म्हटलं, "आज मागतो, बाई." ती म्हणाली, "बसा सर, पानी घ्या." मी वस्तीतल्या माणसांत सतरंजीवर बसलो आणि मग मात्र मला आवरलं नाही. तुझ्या जाण्याचं सगळं रडू तिथं आलं. ऋतुजा उठून माझ्याजवळ येऊन बसली, तिनं माझा हात धरला.

मिलिंदा, माझ्या आज्याच्या तोंडून किंवा बापाच्या तोंडून "माझी चूक झाली" हे मी जन्मात कधी ऐकलं नाही. ऋतुजानं परवा माझ्या तोंडून ऐकलं.